गोष्टीच्या पुस्तकांना कुलूप कशाला?

जुन्या नाशिकातल्या एका मोहल्ला वाचनालयात आम्ही दर शनिवारी संध्याकाळी दोन तास बसतो. मानधन वगैरे काही नाही. उर्दू शाळेत शिकवतो म्हणून लोकांनी 'सर, बच्चोंको जरा किताबें बताते जाओ' म्हटले आणि आम्ही बसू लागलो, इतकेच. गेल्या पावसाळ्यात तिथल्या टेबलावरून एक पुस्तक नाहीसे झाले. चोराने नेले असते तर आम्हाला आनंदच झाला असता. पुस्तक चोरण्याइतकी ओढ मोहल्ल्यात निर्माण झाली म्हणून आम्ही मिठाई वाटली असती. पण ते उचलले होते समितीच्या एका बुजुर्ग सदस्यांनी. त्यांनी ते लोखंडी कपाटात ठेवले, कुलूप लावले आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

पुस्तकाचे नाव 'पर्सेपोलिस'. मर्जान सत्रापी या इराणी बाईंनी चित्रांतून सांगितलेली स्वतःच्या बालपणाची कहाणी. मूळ फ्रेंचमध्ये २००० ते २००३ या काळात चार भागांत आली आणि मग जगभर गेली. आमची एक माजी विद्यार्थिनी आता बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंग्रजीची भीती जावी म्हणून तिला आम्हीच ते सुचवले होते. चित्रे आहेत, वाक्ये लहान आहेत आणि विषय आपल्या घरातला आहे, असा आमचा हिशेब. तिच्या चाचांनी घरी पाने चाळली. वाचली नाहीत, चाळली. एका पानावर डोक्यावर ओढणी नसलेली मुलगी दिसली, दुसऱ्या पानावर दाढीवाल्या माणसाचे न आवडणारे चित्र दिसले. संध्याकाळी ते पुस्तक घेऊन वाचनालयात हजर! 'किताब माँगी थी, कार्टून दिया. और वो भी ऐसा!' समितीने आमची बाजू ऐकून घेतली नाही. आम्ही इथे ती मांडत आहोत.

पण आधी त्या कपाटात काय काय आहे ते सांगू. सीरतची पुस्तके आहेत, ती असायलाच हवीत. कुल्लियात-ए-इक्बाल आहे. दीवान-ए-ग़ालिबच्या तीन प्रती आहेत, तिन्हींची पाने कोरी करकरीत. कलामसाहेबांचे 'अग्निपंख' दोनदा आहे, कारण बक्षीस समारंभात तेच मिळते आणि तेच पुढे भेट दिले जाते. स्पर्धा परीक्षेची गाइडे आहेत, पोलीस भरतीची, टीईटीची. ती मात्र फाटून गेली आहेत. आणि कादंबरी म्हणाल तर डेप्युटी नज़ीर अहमद यांची 'मिरात-उल-उरूस'. ही उर्दूतली पहिली कादंबरी मानली जाते, प्रकाशन १८६९. म्हणजे आमच्या कपाटातल्या सर्वांत तरुण मुलीचे वय दीडशे वर्षांच्या वर आहे! अकबरी फूहड आणि असगरी सुघड, तुम्ही असगरी व्हा, एवढे सांगून आम्ही आजच्या मुलीला मोकळे करतो. आठवीतली एक मुलगी ते पुस्तक परत करताना म्हणाली, 'सर, इसमें अपने जैसी कोई नहीं है क्या?' आम्ही चष्मा पुसत बसलो. तिला द्यायला दुसरे काही नव्हते.

आमच्या समाजात शिक्षणाची चर्चा कमी होत नाही. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला तेव्हापासून तर प्रत्येक व्यासपीठावर गळतीचे, पदवीचे, नोकरीचे आकडे सांगितले जातात. सांगावेतच. पण मूल शाळेत टिकले, पदवीही मिळाली, आणि त्याने आयुष्यात स्वतःच्या मर्जीने एकही पुस्तक वाचले नाही, तर त्या तालीमला काय म्हणायचे? हा प्रश्न आमच्या समाजधुरिणांना पडत नाही. त्यांच्या लेखी पुस्तकाचे दोनच प्रकार: आख़िरत सुधारणारे आणि नोकरी लावणारे. बाकी सगळे फुजूल. गोष्टीचे पुस्तक तर फुजूलाहून फुजूल, कारण ती 'झूठ' असते. आणि गोष्टीला चित्रे असली की मग तौबाच.

चित्रांचेच आधी बोलू, कारण किल्ली खिशात गेली ती चित्रांमुळे.

तस्वीरीचा मसला आम्हाला ठाऊक नाही असे नाही. उलेमांमध्ये त्यावर मतभेद आहेत आणि आमचा अधिकार त्यात बोलण्याचा नाही. पण ज्या बुजुर्गांनी पुस्तक कपाटात टाकले त्यांच्याच खिशात, किल्लीच्या शेजारी, मोबाइल होता आणि त्यावर नातवाचा फोटो होता. बालभारतीच्या उर्दू पाठ्यपुस्तकांत पहिलीपासून माणसांची चित्रे आहेत. त्यांच्याविरुद्ध मोर्चा गेलेला आम्ही पाहिला नाही. मग चित्र जेव्हा गोष्ट सांगू लागते तेव्हाच ते हराम कसे होते?

आणि गोष्ट सांगणारे चित्र हे काही फिरंग्यांनी आणलेले खूळ नव्हे. अकबर बादशहाच्या कारख़ान्यात 'हम्ज़ानामा' तयार झाला, साधारण १५६२ पासून पुढची पंधरा वर्षे. अमीर हम्ज़ाच्या दास्तानीची सुमारे चौदाशे चित्रे, कापडावर रंगवलेली, एकेक चित्र हातभर लांबीच्या वर. त्यांची रचना पाहा: एका बाजूला चित्र, मागच्या बाजूला मजकूर. दास्तानगो मजकूर वाचतो आहे, समोरच्यांना चित्र दिसते आहे. आज ज्याला ग्राफिक नॉव्हेल म्हणून इंग्रजी दुकानात हजार रुपयांना विकतात त्याचे खापरपणजोबा आमच्याच घरातले आहेत. मराठी मातीतही हेच. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी कागदावरच्या चित्रांच्या पोथ्या पुढे धरून रात्र रात्र कथा लावत आले. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. मुसलमान म्हणून पाहा किंवा महाराष्ट्रीय म्हणून, चित्रकथा दोन्हीकडून आमची आहे. ती परक्याची म्हणून नाकारणारा आपल्याच आजोबांना घराबाहेर काढतो.

खरी अडचण वेगळी आहे. चित्रांच्या पुस्तकांत आजवर आम्ही दिसलो तरी कसे? 'अमर चित्रकथा' १९६७ पासून निघते. आमच्या पिढीने ती शाळेत असताना जुन्या अंकांच्या दुकानातून आणून वाचली. तिच्यात अकबर आहे, बाबर आहे, नूरजहाँ आहे, टिपू सुलतान आहे. म्हणजे मुसलमान दिसायचा तर डोक्यावर ताज हवा आणि हातात तलवार. सिटीबसची वाट पाहणारा, फळांची गाडी लावणारा, गणिताच्या पेपरला घाबरणारा मुसलमान चित्रात येतच नाही. आठवीतल्या त्या मुलीचा प्रश्न इथेही लागू आहे.

म्हणून आम्ही 'पर्सेपोलिस' टेबलावर ठेवले होते. त्यातली मुलगी नमाज जाणते, आजीच्या कुशीत शिरते, वर्गात वात्रटपणा करते, युद्धात शेजारचे घर कोसळलेले पाहते. १९८० साली तिच्या शाळेत हिजाब सक्तीचा होतो आणि तिला तो आवडत नाही. हे लेखिकेचे अनुभव आहेत, तिची मते आहेत; सगळी आम्हाला मान्य आहेत असे नाही. पण चाचांना एक माहीत नव्हते आणि समितीलाही नव्हते. हीच सत्रापी २००३ साली, फ्रान्समध्ये शाळेतल्या मुलींच्या हिजाबवर बंदी आणण्याची हालचाल सुरू झाली तेव्हा, त्या बंदीच्याही विरोधात जाहीरपणे बोलली. सक्तीने घालायला लावणे आणि सक्तीने काढायला लावणे हे तिच्या दृष्टीने सारखेच. २०२२ च्या सुरुवातीला कर्नाटकात उडुपीच्या मुली कॉलेजच्या फाटकाबाहेर उभ्या होत्या, मार्चमध्ये उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला, तेव्हा आम्ही सगळे हळहळलो, स्टेटस ठेवले. त्या मुलींच्या बाजूने जगात कोणकोण काय बोलले आहे, हे आमच्या मुलींना कळायचे कुठून? पुस्तक तर कपाटात आहे.

तसेच फलस्तीनचे. दर जुम्याला आम्ही फलस्तीनसाठी हात उचलतो, डोळे भरून येतात. जो सॅको नावाचा एक माणूस १९९१-९२ च्या हिवाळ्यात वेस्ट बँक आणि गाझात गेला, लोकांच्या घरी चहा घेत बसला, छावण्यांतल्या चिखलातून हिंडला आणि जे पाहिले ते त्याने चित्रांत मांडले. 'पॅलेस्टाइन' हे त्याचे पुस्तक. पुढे एकत्र आवृत्तीला एडवर्ड सईद यांनी प्रस्तावना लिहिली. इंग्रजी दहावीपुरते येणारा मुलगाही ते वाचू शकतो. ते आमच्या किती वाचनालयांत आहे? दुआ मागणाऱ्याने माहिती करून घेऊ नये असे कुठे लिहिले आहे काय?

काश्मीरच्या मलिक सजादचे 'मुन्नू' २०१५ साली आले. त्यात काश्मिरी माणसे हंगुल हरणांच्या रूपात काढली आहेत. त्याच्या आधी आर्ट स्पिगलमनने 'माउस'मध्ये यहुद्यांना उंदीर आणि नाझींना मांजर केले होते. त्याला १९९२ साली पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला. गंमत अशी की जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात एका शाळा मंडळाने तेच 'माउस' अभ्यासक्रमातून काढले. कारण काय, तर काही शिव्या आणि एक उघडे चित्र. माणसे जाळल्याचे दुःख नाही, शिवी दिल्याचे आहे! आमचे चाचा तिकडे जन्मले असते तर त्या मंडळावर सहज निवडून आले असते.

आता जे सांगणार आहोत ते आमच्याच लोकांना कडू लागेल. आम्ही 'आपल्यासारखे' शोधायला पुस्तक उघडतो ते ठीक, पण पुस्तकात आपण दुसऱ्याच्या नजरेने दिसलो तर? 'भीमायन' हे चित्रपुस्तक २०११ साली निघाले. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची चित्रे, बाबासाहेबांच्या आठवणींचा आधार. त्या आठवणींत १९३४ चा दौलताबादचा प्रसंग आहे. किल्ला पाहायला गेलेल्या मंडळींनी प्रवासाची धूळ धुवायला हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले आणि पाणी बाटवले म्हणून आरडाओरडा झाला. आरडाओरडा करणारे कोण होते? मुसलमान. तुमचा धर्म हेच शिकवतो काय, असे बाबासाहेबांना त्यांना विचारावे लागले. व्यासपीठावर 'दलित-मुस्लिम ऐक्य' म्हणणाऱ्या आमच्या किती पुढाऱ्यांनी हे पान वाचले आहे? वर्गात आम्ही हा प्रसंग सांगितला तेव्हा नववीची मुले गप्प झाली. मग एकाने हळूच सांगितले की त्यांच्या गल्लीतही अमुक लोकांच्या हातचे पाणी घेत नाहीत. त्या तासाला आमच्या हातून जे शिकवणे झाले ते वर्षभरात झाले नव्हते. वेगवेगळ्या समाजांची आजची कथा-कादंबरी वाचनालयात हवी, ती यासाठी. बाबूराव बागूल आमच्याच नाशिकचे, विहितगावचे. २००८ साली इथेच गेले. 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चे. आमच्या उर्दू शाळांतल्या मुलांनी त्यांचे नावही ऐकलेले नाही. विहितगाव जुन्या नाशकापासून किती दूर आहे? रिक्षाने अर्धा तास.

म्हणजे सगळा दोष आमच्या बुजुर्गांचा, असे म्हणून मुख्य प्रवाहाने टाळ्या वाजवू नयेत. त्यांचेही कपाट उघडून दाखवतो.

जिल्ह्यातल्या एका वाचनालयात, नाव घेण्याचे कारण नाही, आम्ही हमीद दलवाईंची 'इंधन' मागितली. दलवाईंची सगळी मते आमच्या वाचकांना पटतात असे नाही, आम्हालाही पटत नाहीत, पण 'इंधन' ही १९६५ ची मराठी कादंबरी आहे आणि कोकणातल्या मुसलमान घराचे इतके आतले चित्र मराठीत त्याआधी नव्हते. कथा-कादंबरीच्या कपाटात ती सापडेना. ग्रंथपालबाई सज्जन होत्या, त्यांनी खूप शोधली आणि शेवटी एका कोपऱ्यातून आणून दिली. कोपऱ्यावर पाटी होती 'इस्लाम'. ज्यांना ड्यूईचे वर्गीकरण ठाऊक आहे त्यांना सांगतो: मराठी कादंबरीची जागा ८९१.४६३, इस्लाम धर्माची २९७. लेखकाचे नाव हमीद, म्हणून पुस्तक साहित्यातून उचलून धर्मात टाकले! आणि तेही दलवाई, ज्यांनी आयुष्यभर धर्माच्या चौकटीबाहेर बोलण्याचा हट्ट धरला. त्यांनी हे पाहिले असते तर हसले असते की चिडले असते कोण जाणे. आम्ही बाईंना म्हणालो, मॅडम, ही कादंबरी आहे. त्या म्हणाल्या, 'हो, पण तुमच्या लोकांना शोधायला सोपी जावी म्हणून तिथे ठेवलीय.' तुमच्या लोकांना! आणि जोशी-कुलकर्ण्यांच्या मुलीला ती कधीच दिसू नये, याची सोयही आपोआप झाली.

हा भेद एका बाईंचा नाही, तो सवयीचा आहे. डिसेंबर २०२१ आठवा. ३ ते ५ तारखेला नाशिकच्या आडगाव भागात ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, अध्यक्ष जयंत नारळीकर. त्याच दिवसांत शहरात विद्रोही साहित्य संमेलन झाले. आणि त्याच महिन्यात, याच जिल्ह्यात, मालेगावला राष्ट्रीय उर्दू पुस्तक मेळा भरला. यंत्रमागाच्या गावात लोक सहकुटुंब पुस्तके घ्यायला रांगा लावत होते, बुरखेवाल्या बाया पिशव्या भरून नेत होत्या. एका महिन्यात, एका जिल्ह्यात तीन मेळे! आम्ही तिन्हीकडे हिंडलो. तिन्हीकडे दिसलेले ओळखीचे चेहरे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच. मराठी मंडपातल्यांना मालेगाव म्हटले की पोलीस बंदोबस्त आठवतो, पुस्तके आठवत नाहीत. मालेगावच्या मेळ्यात मराठी कादंबरीची चौकशी करणारा आम्हाला तरी भेटला नाही.

आजच्या मराठीत आमच्या मुलांसाठी कोणी लिहीतच नाही, ही तक्रारही आता जुनी झाली. सलीम सरदार मुल्ला यांच्या 'जंगल खजिन्याचा शोध' या मुलांसाठीच्या कादंबरीला २०१९ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. फारूक काझी हे आमच्यासारखेच शिक्षक. त्यांचे 'प्रिय अब्बू' मराठीत आहे आणि त्यातली मुलगी अब्बूला अब्बूच म्हणते, 'बाबा' म्हणत नाही. हे पुस्तक आम्ही आठवीतल्या त्या मुलीला दिले. तीन आठवडे परत आले नाही. विचारले तर कळले, तिच्या अम्मीला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून ही रोज रात्री वाचून दाखवते आणि अम्मी मध्येच थांबवून तेच पान पुन्हा वाचायला लावते. उशिराचा दंड सहा रुपये झाला. तो आम्ही भरला.

उर्दूची गोष्ट याहून दुखरी आहे. रहमान अब्बास कोकणातले, चिपळूणकडचे. मुंबईत शिक्षक होते. म्हणजे आमचेच बिरादर. २००४ साली त्यांची पहिली कादंबरी 'नख़लिस्तान की तलाश' आली. त्यात अश्लीलता आहे अशी तक्रार झाली, २००५ साली त्यांना अटक झाली, नोकरी गेली. खटला चालला, चालला, चालला. २०१६ साली ते निर्दोष सुटले. पुस्तकातल्या काही ओळींसाठी माणसाची अकरा वर्षे! त्या अकरा वर्षांत आम्ही उर्दू शिक्षकांच्या कोणत्या सभेत त्यांचे नाव घेतले? कुणी घेतले असेल तर आमची माफी, पण आमच्या कानावर आले नाही. स्टाफरूममध्ये त्यांचे नाव निघे ते दबक्या आवाजात, 'देखो, ऐसा लिखोगे तो ऐसा होगा' म्हणून. मग २०१८ साली त्यांच्याच 'रोहज़िन'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तेच लोक म्हणू लागले, माशाअल्लाह, उर्दूचे नाव झाले. 'रोहज़िन' वाचली का? नाही. तसेच २०२५ साली बानू मुश्ताक़ यांचे झाले. हासनच्या वकीलबाई, घरची भाषा दखनी-उर्दू, शिक्षण कन्नड माध्यमात, लिखाण कन्नडमध्ये; 'हार्ट लॅम्प'ला आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले. आमच्या प्रत्येक ग्रुपवर त्यांचा फोटो फिरला. स्त्रियांना मशिदीत जाण्याचा हक्क असावा असे म्हटल्याबद्दल २००० साली याच बाईंच्या घरावर सामाजिक बहिष्कार पडला होता, हे किती जणांनी फॉरवर्ड केले? त्यांच्या बारा कथांतली एक तरी किती जणांनी वाचली? लेखक जिवंत असेपर्यंत बहिष्कार घालायचा किंवा बक्षीस मिळाल्यावर हार घालायचा, यामधले एक काम आम्ही विसरलो आहोत: त्याचे पुस्तक वाचायचे.

'मग काय, आठवीच्या पोरींच्या हातात रोहज़िन द्यायची?' हा सवाल आम्हाला विचारला गेला. नाही द्यायची. आम्ही बी. एड. केले आहे, मुलांचे वय आम्हाला कळते. 'रोहज़िन' प्रौढांची कादंबरी आहे. 'पर्सेपोलिस' कॉलेजातल्यांसाठी आहे, म्हणूनच ती कॉलेजातल्या मुलीला दिली होती. सहावी-सातवीला माधुरी पुरंदरे द्याव्यात, सलीम मुल्ला द्यावेत. 'प्रथम'ची चित्रपुस्तके मराठीत आहेत, उर्दूतही आहेत, 'स्टोरीवीव्हर'वर २०१५ पासून फुकट आहेत. झेरॉक्स काढून शिवली तरी चालतात. कुणाला काय द्यायचे हे ठरवण्यासाठीच तर टेबलामागे माणूस बसतो. कुलूप हे ठरवू शकत नाही. कुलपाला नववीतला मुलगा आणि पंचवीस वर्षांची बाई सारखीच.

चित्रपुस्तकांबद्दल शिक्षक म्हणून आणखी एक पाहणे सांगतो. आमचे मूल घरी एक बोली बोलते, शाळेत किताबी उर्दू शिकते, रस्त्यावर मराठी ऐकते, मोबाइलवर इंग्रजी पाहते. चारही भाषांत थोडे थोडे आणि एकाही भाषेत सलग पानभर नाही, अशी पुष्कळांची स्थिती आहे. पानभर मजकूर दिसला की ते घाबरते. पण चौकटीत दोन ओळी आणि शेजारी चित्र असले की वाचत सुटते, आणि पन्नास पाने झाल्यावर त्याच्या लक्षात येते की आपण मराठी वाचतो आहोत. एक मजाही पाहा. जपानी चित्रकथा उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात. इंग्रजी शाळेतली मुले तिथे अडखळतात, पुस्तक उलटे धरतात. आमच्या उर्दू शाळेतला एक मुलगा, ज्याला सगळे 'ढ' म्हणत, त्याने 'नारुतो'चा एक भाग हातात घेतला आणि बरोबर उजवीकडून सुरुवात केली. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने दुसऱ्या कुणाला तरी शिकवले.

पैशाचे म्हणाल तर रडगाणे गाण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे. अ, ब, क, ड वर्ग आहेत, अनुदान तुटपुंजे आहे, वेळेवर येत नाही, हे खरे. पण आमच्या मोहल्ल्यात जलशांच्या रोषणाईला वर्गणी कमी पडलेली आम्ही पाहिली नाही. आणि फुकटही पुष्कळ मिळते, मागायला गेले तर. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना २००९ साली याच नाशकातून निघाली. लोकांनी मिळून पुस्तकांची पेटी घ्यायची, वाचायची, पुढच्या गटाशी बदलायची. पेट्या दुबईपर्यंत गेल्या. कथड्यात, बागवानपुऱ्यात, वडाळ्यात पेटी यावी म्हणून आमच्यापैकी किती जण अर्ज घेऊन गेले? आम्ही स्वतः इतकी वर्षे गेलो नव्हतो, हेही कबूल करतो. १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय या शहरात आहे, चौक मंडईपासून पायी जाण्याच्या अंतरावर. आमच्या वर्गातल्या चाळीस मुलांपैकी एकाही घरात त्याचे सभासदत्व नाही. दार त्यांनी बंद केले म्हणावे तर आम्ही ठोठावले कधी?

समितीची बैठक येत्या जुम्याला, असरनंतर आहे. विषयपत्रिकेवर पाचवा विषय आहे, 'अनावश्यक पुस्तकांबाबत'. आम्ही जाणार आहोत. 'हम्ज़ानामा'च्या चित्राची मोठी छापील प्रत करून घेतली आहे, 'प्रिय अब्बू' घेतले आहे, बाबासाहेबांच्या आठवणींतले दौलताबादचे पान घेतले आहे. त्या चाचांनाही बोलावले आहे. त्यांनी यावे आणि न आवडलेली पाने सर्वांसमोर वाचून दाखवावीत, असा आमचा आग्रह आहे. त्यांची पुतणीही येईन म्हणाली. तिचे पुस्तक अर्ध्यावर राहिले आहे. खूण म्हणून तिने घातलेले सिटीबसचे तिकीट अजून त्यातच आहे, कपाटात.